गोष्ट सांगा, तात्पर्य राहू द्या

"ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत शिकते. गेले दोन-तीन महिने ती अगदी मिटून गेली आहे. चित्रांचं वेड होतं, आता काढते आणि फाडून टाकते. सकाळी पोट दुखतं म्हणून रडते. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. 'मला काहीच येत नाही', 'मी बावळट आहे' हे दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं. परवा चिडून म्हणाली, 'मी नसते तर तुमचं बरं झालं असतं.' रागात बोलली असेल. गोष्टींमधून अशा मुलांवर उपचार करता येतात असं मी वाचलं, म्हणून रोज रात्री आत्मविश्वास वाढवणाऱ्या गोष्टी सांगायला लागलो. घाबरट ससा शूर होतो, गोगलगाय शर्यत जिंकते, अशा. थोडे दिवस तिने ऐकल्या. आता मी सुरुवात केली की म्हणते, 'बाबा, ही पण माझ्यावरच आहे ना?' आणि भिंतीकडे तोंड करते. माझं काय चुकतंय? कुठल्या गोष्टी सांगू? – एक बाबा"

नमस्कार,

गोष्टींबद्दल तुम्ही विचारलंय आणि त्यावर मला बरंच सांगायचंय. पण 'रागात बोलली असेल' म्हणून तुम्ही जे वाक्य मागे टाकलंत, त्यापाशी आधी थांबू. 'मी नसते तर तुमचं बरं झालं असतं.' कदाचित खरंच रागात बोलली असेल. पण दोन-तीन महिने मिटून बसलेलं मूल असं म्हणतं तेव्हा आपण अंदाज बांधायचा नसतो, विचारायचं असतं. आजच विचारा. ती शांत असताना, शेजारी बसून, सरळ शब्दांत विचारा: "परवा तू म्हणालीस ना, मी नसते तर बरं झालं असतं. मरून जावं असं तुझ्या मनात येतं का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?"

असं विचारलं तर नसलेली कल्पना मुलाच्या डोक्यात शिरेल, ही भीती बहुतेक आईबाबांना वाटते. तसं होत नाही. विचारल्यामुळे धोका वाढत नाही, हे अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलंय. उलट, कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून पुष्कळ मुलं सुटकेचा निःश्वास टाकतात. ती 'हो' म्हणाली, किंवा काहीच बोलली नाही आणि तुमच्या पोटात गोळा आला, तर तिला एकटं ठेवू नका. घरातली औषधं आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.

ती 'नाही' म्हणाली तरी बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्याच. मुलांमधलं नैराश्य नेहमी मोठ्यांसारखं दिसतंच असं नाही. ते पुष्कळदा रडवेलं असण्याऐवजी चिडकं असतं. मन दुखतं म्हणायला शब्द नसतात म्हणून पोट दुखतं, डोकं दुखतं. आवडीच्या गोष्टीतून जीव उडणं, झोप आणि भूक बदलणं, लक्ष न लागणं, आपण कुचकामी आहोत असं वाटत राहणं, यांतलं बरंच काही दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज दिसत असेल, तर तपासणी हवी. तुमच्याकडे दोन-तीन महिने झालेत. ते तज्ज्ञ पोटदुखीबरोबर इतर गोष्टीही पाहतील: शाळेत कोणी छळतंय का, वाचताना अक्षरं अडतात का, कमी दिसतंय किंवा कमी ऐकू येतंय का. 'मला काहीच येत नाही' यामागे कधीकधी कुणाच्याच लक्षात न आलेली वाचनाची अडचण असते, आणि ती असेल तर जगातली कुठलीही गोष्ट तिच्यावर उपाय नाही.

गोष्ट ही उपचाराच्या जागी येत नाही, त्याच्या सोबतीने येते. मुलांच्या नैराश्यात ज्या उपचारांचा सर्वाधिक अभ्यास झालाय ते म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी बोलण्याची थेरपी, म्हणजे सीबीटी, आणि त्रास जास्त असेल तर काही मुलांसाठी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषधं. गोष्टींवर आधारलेल्या पद्धतींच्या पाठीशी पुरावा आहे, पण तो त्या मानाने कमी आहे. हे तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे उद्या चार गोष्टी सांगून फरक पडला नाही तर तुम्ही स्वतःला किंवा तिला बोल लावणार नाही.

आता तुमच्या गोष्टी.

तुमच्या मुलीने भिंतीकडे तोंड केलं, कारण तिने तुम्हाला बरोबर ओळखलं. तुमचा ससा गोष्टीच्या पहिल्या वाक्यात घाबरट असतो आणि दहाव्या मिनिटाला शूर झालेला असतो. ज्या मुलीला रोज सकाळी पोटात गोळा येतो, तिला त्या सशाकडून काय ऐकू येतं? 'त्याला जमलं. मलाच जमत नाही.' गोगलगाय शर्यत जिंकते तेव्हा न जिंकणाऱ्या मुलीला एकच कळतं, की बाबांना जिंकणारी गोगलगाय हवी आहे. तुमचा हेतू मायेचाच आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण शेवट आधी ठरवून त्याच्याभोवती रचलेली गोष्ट म्हणजे उपदेशच. मुलांना तो लांबून ओळखू येतो.

कौतुकाचंही असंच होतं. एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास तुमच्यासारख्या बाबांनी जरूर लक्षात ठेवावा असा आहे. स्वतःबद्दलचं मत वाईट असलेल्या मुलांचं मोठी माणसं जास्त फुगवून कौतुक करतात, हे त्यांना दिसलं. मग त्यांनी मुलांना चित्र काढायला दिलं. काहींना सांगितलं, 'छान काढलंयस', काहींना सांगितलं, 'कमालीचं सुंदर काढलंयस'. पुढचं चित्र सोपं निवडायचं की अवघड, हे मुलांवर सोडलं. ज्यांना स्वतःबद्दल मुळातच कमी वाटत होतं, ती मुलं फुगवलेल्या कौतुकानंतर अवघड चित्रापासून मागे सरली. 'कमालीचं' एकदा म्हटलं गेलं की दर वेळी तेवढंच काढावं लागणार, ही धास्ती बसते. म्हणून तिचं पुढचं चित्र हातात आलं तर "अप्रतिम!" म्हणू नका. "या झाडाच्या मुळांना तू तीन वेगवेगळे तपकिरी रंग वापरलेस" एवढं म्हणा. जे खरोखर दिसतंय तेच बोललं, की तिला ते खोडून काढता येत नाही.

मग गोष्ट कामाची कधी होते? जे 'मी' म्हणून बोलता येत नाही ते 'अस्वल' म्हणून बोलता येतं, तेव्हा. मूल अस्वलाच्या आडून स्वतःबद्दल बोलतं, आणि नको वाटलं तर कुठल्याही क्षणी 'हे अस्वलाचं आहे, माझं नाही' म्हणू शकतं. हा आडोसा जपणं हे मोठ्यांचं पहिलं काम. 'म्हणजे तुझ्यासारखंच ना?' असं विचारलंत की आडोसा गेला, आणि मूलही गेलं.

अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९७१ साली एक पद्धत पुस्तकरूपात मांडली. त्यांची पुढची काही मतं फार वादग्रस्त ठरली आणि ती मलाही मान्य नाहीत, पण ही पद्धत साधी आहे आणि आजही वापरली जाते. आधी मूल गोष्ट सांगतं. मोठा माणूस ऐकतो. मग तो त्याच पात्रांची, त्याच जागेतली दुसरी गोष्ट सांगतो. त्यात फक्त एखाद्या अडचणीतून थोडी वेगळी वाट निघते. तुम्ही नेमकं उलटं करत होतात: तुमची गोष्ट आधी, आणि तिची कधीच नाही.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. दहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, बोलायचा नाही. लाकडी प्राण्यांशी खेळता खेळता एकदा त्याने गोष्ट सांगितली. एक हत्ती होता. तो सगळ्यांच्या वाटेत यायचा. म्हणून तो नदीत जाऊन बसला. संपली गोष्ट.

'अरे, हत्ती किती छान प्राणी आहे' असं म्हणायचा मोह अशा वेळी कुणालाही होतो. मी विचारलं, "पाणी कसं होतं?"

"गार."

"किती वेळ बसला तो?"

"सगळे झोपेपर्यंत."

"बसून काय बघत होता?"

त्याने जरा विचार केला. "काठावरचे दिवे. मोजत होता."

पुढच्या भेटीत मी माझी गोष्ट सांगितली. तोच हत्ती, तीच गार नदी. हत्ती दिवे मोजत बसलाय. एक पक्षी येतो आणि त्याच्या पाठीवर बसतो, कारण सगळ्या पात्रात तेवढीच एक कोरडी जागा आहे. पक्षी काही बोलत नाही, पंख वाळवतो, आणि उजाडल्यावर उडून जातो. बस. हत्ती राजा झाला नाही, त्याने कुणाला वाचवलंही नाही. मुलगा काहीच बोलला नाही. पण पुढच्या वेळी दारातूनच त्याने विचारलं, "तो पक्षी परत आला का?"

पुढे काही आठवड्यांनी कळलं की घरात धाकटं बाळ आलं होतं आणि दिवसभर त्याला एकच ऐकू यायचं, 'जरा बाजूला हो.' ते म्हणणारे सगळे प्रेमळ होते, फक्त दमलेले होते. आईबाबांनी ते वाक्य जाणीवपूर्वक थांबवलं, रोज थोडा वेळ फक्त त्याच्यासाठी ठेवला, आणि फरक तिथून पडायला लागला. मुलाची गोष्ट ऐकायची ती यासाठीही. मुलाला सुधारावं म्हणून आपण गोष्ट सांगायला जातो, आणि त्याची गोष्ट आपल्याला दाखवते की घरात किंवा शाळेत मोठ्यांनी काय बदलायला हवं.

तुमची मुलगी आज सुरुवात करणार नाही, हे मला माहीत आहे. तिचा विश्वास थोडा उडालाय. ती पुन्हा 'ही माझ्यावरच आहे ना' म्हणाली, तर खरं सांगा. "हो, होत्या तशा. तुला बरं वाटावं म्हणून सांगत होतो. आता तशा नाही सांगणार." आणि काही दिवस गोष्टींना सुट्टी द्या. मग कधीतरी शेजारी बसून काहीतरी करत असताना, समोरासमोर नाही, एखादी गोष्ट अर्धवट सुरू करा आणि अडकून पडा. "एका घराच्या माळ्यावर कुणीतरी राहत होतं. रात्री पावलं वाजायची. कोण होतं ते मला अजून ठरवता आलं नाही." मग गप्प बसा. ती 'उंदीर' म्हणाली तर उंदीर. 'कुणी नव्हतं' म्हणाली तर कुणी नव्हतं, आणि तरी पावलं वाजत होती. तिने गोष्टीत सगळ्यांना मारून टाकलं तरी शेवट दुरुस्त करायला जाऊ नका. "मग काय झालं?" एवढंच विचारा. मात्र मरण, नाहीसं होणं, कुणालाच न सापडणं हे पुन्हापुन्हा येत असेल, तर ते तारखेसकट लिहून ठेवा आणि तज्ज्ञांना दाखवा.

आणि गोष्ट संपल्यावर 'यातून काय शिकलीस?' हा प्रश्न कायमचा सोडून द्या. तात्पर्याशिवाय गोष्ट वाया गेल्यासारखी वाटते, ही आपली जुनी सवय आहे. ब्राझीलमध्ये अतिदक्षता विभागातल्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना गोष्टी सांगितल्या, काहींना तेवढाच वेळ कोडी घातली. दोन्हींनी बरं वाटलं, पण गोष्टी ऐकणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जास्त उतरलं, जवळिकीशी निगडित ऑक्सिटोसिन जास्त वाढलं, आणि दुखणंही जास्त कमी झालं. त्या गोष्टी मुलांना सुधारण्यासाठी रचलेल्या नव्हत्या. कुणीतरी शेजारी बसून त्यांच्यासाठी गोष्ट सांगत होतं, एवढंच. त्यावरून नैराश्य बरं होतं असं म्हणता येत नाही. पण तुमचं तिच्याजवळ बसणं फुकट जात नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

'मी बावळट आहे' याचं काय करायचं? 'नाहीस गं, किती हुशार आहेस' असं तुम्ही म्हणत असाल, आणि ती तुम्हाला पुरावे देत असेल: गणितात किती मिळाले, मैत्रीण काय म्हणाली. या वादात तुम्ही हरणारच, कारण तिने त्याचा दिवसभर अभ्यास केलेला असतो. इथे मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांची वाट मला फार मोलाची वाटते. व्हाइट ऑस्ट्रेलियातले, एप्स्टन न्यूझीलंडमधले. १९८० च्या दशकात त्यांनी नॅरेटिव्ह थेरपी घडवली आणि १९९० साली दोघांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की अडचण म्हणजे माणूस नव्हे. अडचण ही अडचण आहे. म्हणून तिला माणसापासून वेगळं काढायचं, नाव द्यायचं, आणि मग तिची चौकशी करायची.

घरी हे असं होऊ शकतं. ती 'मी बावळट आहे' म्हणाली की वाद घालू नका. "हे वाक्य आज पुन्हा आलं. सकाळपासून आहे की शाळेतून तुझ्याबरोबर आलं?" असं विचारा. ती चमकेल. कदाचित म्हणेल, "गणिताच्या तासाला आलं." मग पुढे: "आवाज कसा आहे त्याचा? मोठ्याने बोलतं की कानात?" "त्याला काही नाव आहे का?" नाव तिचं तिने ठेवायचं, तुम्ही सुचवायचं नाही. चित्र काढणारी मुलगी आहे. ते कसं दिसतं हे ती काढूही शकेल. आणि पुढचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: "ते कधी येत नाही?"

इथे तुमच्या पत्रातली एक जागा मला दिसते, जी बहुधा तुमच्याकडून निसटली. तुम्ही लिहिलंय, काढते आणि फाडते. तुमचं लक्ष फाडण्याकडे आहे, ते साहजिक आहे. पण ती अजून काढते आहे! तो आवाज रोज सांगतो की तुला येत नाही, आणि तरी ही मुलगी रोज कागद घेऊन बसते. तिला विचारा, "काढत असताना तो कुठे असतो? पेन्सिल हातात घेताना येतो की चित्र पूर्ण झाल्यावर?" तिचं उत्तर काहीही असो, त्या दोघांच्या मधला थोडा वेळ तिचा स्वतःचा आहे, हे तिला तिच्याच तोंडून ऐकू येईल. नॅरेटिव्ह थेरपीत अशाच लहान अपवादांवरून मुलाची दुसरी गोष्ट हळूहळू भरत नेतात: कधी, कुठे, कोण होतं तिथे, तेव्हा तू काय केलंस. 'तू शूर आहेस' म्हणून काही होत नाही. मंगळवारी पोट दुखत असतानाही तिने दप्तर उचललं, हे ठिकाणासकट आणि वेळेसकट आठवलं की होतं.

एक खबरदारी. त्या आवाजाला ठेवलेलं नाव घरात चेष्टेसाठी किंवा रागावण्यासाठी कुणीही वापरायचं नाही. आजीआजोबांनी नाही, भावंडांनी नाही, तुम्ही तर नाहीच. 'आला वाटतं तुझा तो' असं एकदा झालं की पुन्हा ती नाव सांगणार नाही.

आता तुमच्या स्वतःच्या गोष्टींबद्दल, ज्या तुम्ही कदाचित सांगतच नसाल. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना घराबद्दल २० प्रश्न विचारले: आईबाबा कसे भेटले, आजीआजोबा कुठे वाढले, घरात कधी वाईट दिवस आले होते का, अशा प्रकारचे. ज्या मुलांना ही उत्तरं जास्त माहीत होती, त्यांचं स्वतःबद्दलचं मत जास्त चांगलं आढळलं. उत्तरं पाठ करून घेतल्याने काही होत नाही, हे त्यांनीच बजावलंय; ज्या घरात निवांत बोलणं होतं तिथे ती आपोआप कळतात. आणि 'आम्ही कायम वर चढत गेलो' ही गोष्ट त्यांना सगळ्यात बळ देणारी वाटली नाही. बळ देते ती चढउतारांची गोष्ट: कधी बरं होतं, कधी सगळं बिनसलं, आणि तरी आपण एकत्र होतो.

तर तुम्ही नऊ वर्षांचे असताना तुम्हाला काय जमत नव्हतं, ते तिला सांगा. शेवटी 'मग मी जिद्दीने अभ्यास केला आणि पहिला आलो' असं जोडू नका, खरं असलं तरी. कुणाला सांगायची लाज वाटली, किती दिवस वाईट वाटलं, कोण शेजारी बसलं, हे सांगा. कुणीच बसलं नसेल तर तेही सांगा. आठ-नऊ या वयात मुलं पहिल्यांदा स्वतःकडे एकूण माणूस म्हणून बघू लागतात आणि इतरांशी तुलनाही त्याच सुमारास धारदार होते. आपलं माणूसही या वयात अडलं होतं आणि आज ते इथे बसून हे सांगतंय, हे ऐकणं ससा-गोगलगायीच्या कितीतरी पुढचं आहे.

रोज सांगायलाच हवी असा नेम करू नका. ती दमलेली असेल तर नको. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

या आठवड्यात आधी तो सरळ प्रश्न विचारा आणि तज्ज्ञांची वेळ घ्या. भेटीला जाताना तिची फाडलेली चित्रं मिळाली तर एका पाकिटात घेऊन जा, पण तिला विचारून. तज्ज्ञांना विचारा की ते उपचारात खेळ, चित्रं किंवा गोष्टी वापरतात का, आणि घरी तुम्ही जे करता आहात ते त्यांना सांगा, म्हणजे दोन्हीकडे एकाच दिशेने काम होईल. शाळेत वर्गशिक्षिकेला एकट्याने भेटा आणि दोनच गोष्टी विचारा: मधल्या सुट्टीत ती कुणाबरोबर असते, आणि कुठल्या तासाला ती जास्त मिटून जाते. उत्तरं आली की मला पुन्हा लिहा.